अंतराळयानातली स्वच्छता: कमी पडते की अती होते?

वातकुक्कुट:
आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या ८०३ जागा पुसून घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०२५ मध्ये आला. माती-पाण्यातले जंतू तिथे जवळपास नाहीतच, सापडले ते बहुतेक माणसांच्या कातडीवरचे, आणि जोडीला जंतुनाशकांचे अंश. बाहेरचे उपकारक जंतू मुद्दाम नेऊन सोडावेत, असं संशोधकांनी सुचवलंय. मला हे पटतं. दर आठवड्याला सगळं जंतुनाशकाने पुसायचं म्हणजे लेचेपेचे मरतात आणि निर्ढावलेले उरतात. २०१५ मध्ये तिथल्या टॉयलेटमधून आणि व्यायामाच्या यंत्रावरून एंटरोबॅक्टर बुगांडेन्सिस या जिवाणूचे नमुने मिळाले, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे. त्याला मोकळं रान आपणच दिलं ना?

नळदुरुस्ती:
साफ असहमत. फडकं पोचतं तिथे काळजी नाहीच. १९९८ मध्ये रशियाच्या मीर या जुन्या अंतराळ स्थानकात क्वांट-२ विभागातलं एक पॅनेल उघडलं, तर मागे बास्केटबॉलएवढा मळकट पाण्याचा गोळा तरंगत होता. गुरुत्वाकर्षण नाही, मग पाणी ओघळून जाणार कुठे? श्वासाची, घामाची वाफ थंड कोपऱ्यात जमते आणि तिथेच लोंबकळत राहते. त्या पाण्यात जिवाणू होते, आदिजीव होते, चक्क धुळीतले माइट्स, म्हणजे बारीक किडे, तेसुद्धा होते.

आता आंतरराष्ट्रीय स्थानकात तर लघवी आणि घाम गाळून पुन्हा प्यायला घेतात, २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. अशा नळ्यांत बायोफिल्म म्हणतात तो बुळबुळीत थर धरतो. मी पाण्याच्या यंत्रणांवरच काम करतो, तो थर खरवडणं काय असतं ते विचारा. तिथे 'उपकारक' जंतू सोडा म्हणणाऱ्याच्या हातात पान्हा देऊन त्यालाच आत पाठवीन.

वातकुक्कुट:
अहो, नळात सोडा कोण म्हणतंय? भिंतींबद्दल बोलतोय मी.

नळदुरुस्ती:
जंतूंना पाटी लावून सांगणार का, की भिंत तुमची, नळ आमचा?

अर्धीगोळी:
दोघेही भिंती न् नळांतच अडकलात. माणूस बघा. चंद्राकडे निघालेल्या, वाटेत बिघडलेल्या अपोलो १३ यानात अंतराळवीर फ्रेड हेज यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. यान गारठलेलं, पाणी मोजून प्यायचं, त्यात तापाने फणफणलेले. त्यांना भिंतीवरच्या जंतूने गाठलं असं नव्हे, शरीरच लढायच्या अवस्थेत नव्हतं.

हर्पिस गटातले विषाणू तर आपण अंगातच निद्रिस्त घेऊन फिरतो. २०१९ च्या एका आढाव्यानुसार अमेरिकेच्या स्पेस शटल यानांच्या छोट्या मोहिमांतल्या ५३ टक्के आणि स्थानकावर राहिलेल्या ६१ टक्के अंतराळवीरांच्या लाळेत किंवा लघवीत ते पुन्हा दिसू लागले. बहुतेकांना लक्षणं काही नाहीत, पण प्रतिकारशक्ती डुलक्या घेतेय हे उघड आहे. शिवाय २००६ मध्ये अटलांटिस शटलमधून गेलेला साल्मोनेला, म्हणजे अन्नातून विषबाधा करणारा जिवाणू, परत आला तो उंदरांना जास्त घातक होऊन.

शंकासूर:
साल्मोनेलाची गोष्ट पूर्ण सांगा की! त्याच संशोधकांनी पुढे दाखवलं की वाढवायच्या द्रावणातले क्षार बदलले तर ती वाढलेली घातकता दिसत नाही. आणि नोव्हेंबर २००० पासून स्थानक एक दिवस रिकामं नाही. साथ पसरून ते ओस पडलंय का कधी? उड्डाणाआधी विलगीकरण, हवेला गाळण्या, पाण्यात आयोडीन किंवा चांदी, एवढ्यावर भागतंय. उगाच बाऊ.

अर्धीगोळी:
क्षारांचं मान्य, ते लिहायला हवं होतं. पण १९८५ आठवा. सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावरचे व्लादिमिर वास्युतिन आजारी पडले, प्रोस्टेटचा संसर्ग होता असं सांगितलं जातं. मोहीम अर्ध्यावर टाकून सगळ्यांना खाली यावं लागलं. ते पृथ्वीभोवतीच फिरत होते म्हणून उतरले. मंगळाच्या वाटेवर, सहा-सात महिन्यांच्या प्रवासात, कुठे उतरणार? जेवढी औषधं बरोबर, तेवढाच दवाखाना.

शंकासूर:
मंगळाचं कबूल. तिथे माझं 'भागतंय' चालणार नाही. पण म्हणून वातकुक्कुटांची जंतूंची पुडी बरोबर द्यायची?

वातकुक्कुट:
आधी जमिनीवरच्या बंद खोलीत वर्षभर करून बघा, मग द्या. घाई मलाही नाही.

नळदुरुस्ती:
त्या खोलीत व्यायामाचे घामेजले कपडे वाळत घालायलाही जागा ठेवा. स्थानकात ते जिथे टांगायचे, नेमक्या त्याच पॅनेलवर बुरशी उगवली होती.