मदत हवी आहे: फ्लेमिंगोमागे आपल्याकडे काही अर्थ आहे का?

ऐरोलीत राहतो, मुलगी सातवीत, तिला प्रोजेक्ट आहे की ऑलिंपिक नवी मुंबईत झालं तर मॅस्कॉट कोणता. तुलनेला बीजिंग २००८ ऑलिंपिकचे पाच मॅस्कॉट, म्हणजे फुवा, घेतलेत, त्यात बेइबेइ मासा का तर चिनीत मासा आणि शिल्लक-सुबत्ता दोन्ही ‘यू’, शिवाय पाचही नावं जोडली की ‘बीजिंगमध्ये तुमचं स्वागत’ होतं, काय डोकं लावलंय राव! हिने खाडीतला फ्लेमिंगो काढलाय, गुलाबी रंग फासून झाला, पण बाई म्हणतात नुसता दिसतो म्हणून नको, अर्थ सांग. गूगलवर फक्त पक्षीनिरीक्षणच येतं. शेकरू नको म्हणते, चार्ट पुन्हा करावा लागेल. सोमवारी द्यायचाय. आगरी-कोळी गाण्यांत, म्हणींत किंवा आजीच्या गोष्टींत या पक्ष्याला काय म्हणतात, कशाचं लक्षण मानतात?