मदत हवी आहे: आठ वर्षांची जास्वंद आणि अनंत मुळांसकट हलवायचेत

नमस्कार मंडळी,

घरामागच्या भिंतीलगतचा सांडपाण्याचा पाइप फुटलाय आणि तो बदलायला चर खणावा लागणार आहे. चराच्या नेमक्या वाटेत माझी दोन झाडं उभी आहेत. एक लाल जास्वंद, आठ वर्षांची, माझ्या डोक्यावर गेलेली, बुंधा मनगटाएवढा. दुसरा अनंत, कमरेच्या थोडा वर, पसारा मात्र ऐसपैस, आणि सध्या कळ्यांनी लगडलेला (काम निघायचं तर नेमकं आत्ताच!). हातात साधारण सहा आठवडे आहेत. पाइप वळवता येत नाही, विचारून झालंय. 'तोडा आणि नवी लावा' असं घरातल्या दोघांचं मत पडलं, त्यांच्याशी मी सध्या कमी बोलतेय.

इतकं विचारत बसायचं कारण म्हणजे याआधी मी एक तगर मारलेली आहे. भर दुपारी, कोरड्या मातीत खणली. चारी बाजूंनी फावडं घातलं आणि बुंध्याला धरून वर ओढली. गड्डा क्षणभर उचलला गेला, मग आतून चटचट आवाज आला आणि सगळी माती एकदम खाली बसली. हातात राहिली तगर, खाली लोंबणारी चार जाड मुळं, बस. बारीक मुळांचं जाळं त्या ढेकळांतच तुटून राहिलं होतं. नव्या खड्ड्यात तळाला दोन घमेली शेणखत घातलं, 'घट्ट बसावी' म्हणून जुन्या पातळीपेक्षा वीतभर खोल पुरली, पायाने चेपली आणि रोज बादलीभर पाणी. पानं माना टाकायला लागली तसं पाणी वाढवलं. तीन आठवड्यांनी उपटली तेव्हा बुंध्याची साल मातीखाली लिबलिबीत झाली होती आणि खड्ड्यातून कुबट वास येत होता.

म्हणजे काय करू नये हे मला पाठ आहे. काय करावं ते सांगा.

आधी मुळांचा घेर कापून ठेवावा, मग हलवावं, असं ऐकलंय. सहा आठवड्यांत त्याचा उपयोग होईल का, की उगाच झाडाला दोनदा जखम? गड्डा केवढा धरू? ६० सेंटीमीटर रुंद आणि ४० खोल असा हिशोब मांडून पाहिला तर ओल्या मातीचं वजनच दोनशे किलोच्या आसपास जातंय. उचलणार कोण? आम्ही अडीच माणसं आहोत, अर्ध्या माणसाची कंबर धरलेली असते. छाटणीबद्दल तर एक जण म्हणतो निम्मं झाड उतरवा, दुसरा म्हणतो पानाला हात लावू नका.

आणि जागा. दोन आहेत. एक कुंपणाच्या भिंतीपाशी, सकाळचं छान ऊन, भिंतीला नुकतंच प्लास्टर झालंय. दुसरी मोठ्या झाडाच्या कडेला, ऊन येतं पण गाळून. जास्वंद कुठे, अनंत कुठे?

प्रतिसाद १

ताई, तगरीचं वर्णन वाचून माझाच जुना पराक्रम आठवला. असो.

सहा आठवडे भरपूर नाहीत, पण वाया जाणार नाहीत. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा. धारदार कुदळीने किंवा फावड्याने बुंध्याभोवती वर्तुळ आखून त्यातला अर्धाच भाग सरळ खाली कापा, तुकड्या-तुकड्याने: एक तुकडा कापा, पुढचा सोडा. सोडलेले तुकडे दोन-तीन आठवड्यांनी. जाड मुळं फावड्याने चेचू नका, कात्रीने किंवा करवतीने साफ कापा. कापलेल्या टोकाजवळ नवी बारीक मुळं फुटतात, हलवताना गड्डा या कापाच्या थोडा बाहेरून खणलात की ती आत राहतात. पाणी ओढायचं काम तीच करतात, आणि तगरीची नेमकी तीच गेली होती.

रुंदीचा ढोबळ नियम म्हणजे बुंध्याच्या जाडीच्या दहा-बारा पट. मनगटाएवढ्या बुंध्याला ५०-६० सेंटीमीटर झाले. खोलीचा मात्र मोह सोडा. पाणी पिणारी बहुतेक मुळं वरच्या ३० सेंटीमीटरमध्येच असतात, तेव्हा ५० रुंद आणि ३० खोल पुरे. खालून निमुळता कापलात तर वजन पाऊणशे किलोवर येतं. तेही उचलायचं नाहीच. गड्डा एका बाजूला कलता करून खाली गोणपाट सरकवा, दुसऱ्या बाजूला कलता करून ते ओढून घ्या, सुतळीने आवळून बांधा. मग खड्ड्याची एक बाजू उताराची करून ताडपत्रीवरून ओढत न्या. बुंध्याला कुणीही हात लावायचा नाही. तुमच्या त्या अर्ध्या माणसाला हे काम द्या: 'बुंधा धरू नका' एवढं ओरडत राहायचं.

नवा खड्डा आधी तयार हवा. रुंदी गड्ड्याच्या दुप्पट, खोली गड्ड्याएवढीच किंवा बोटभर कमी. बुंध्यावर जुन्या मातीच्या पातळीला दोरा बांधून ठेवा, तो नव्या जागीही मातीवर दिसला पाहिजे. खत घालू नका. निघालेलीच माती परत भरा, अर्धी भरल्यावर पाणी सोडा, पोकळ्या आपोआप बसतात. चेपाचेपी नको.

जागेचं उत्तर सोपं आहे: अनंत प्लास्टरच्या भिंतीजवळ अजिबात नाही. सिमेंट-चुन्याचा अंश मातीत उतरला की माती अल्कधर्मी होते, अनंताला आम्लधर्मी लागते. लोह मातीत असूनही त्याला घेता येत नाही, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागतं. जास्वंद फार तक्रार करणार नाही, तिला ऊन द्या. तरी भिंतीपासून मीटरभर लांब.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण विमा आधी उतरवा. जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर लांब सहा-सात फांद्या आजच कुंडीत खोचून ठेवा, सावलीत. अनंताची खालची फांदी वाकवून, साल थोडी खरवडून कुंडीतल्या मातीत दाबून ठेवा, वर दगड. मोठं झाड दगावलं तरी तेच झाड तुमच्याकडे असेल.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. कुंड्या भरल्या, जास्वंदीच्या आठ फांद्या खोचल्या. आज संध्याकाळी अनंताचा पहिला तुकडा कापला. फावडं जरा आत गेल्यावर ओल्या मातीत पांढरी, धाग्यासारखी मुळं दिसली, ती इतक्या वर असतील असं वाटलं नव्हतं.

छाटणीचं राहिलंच. आणि हलवल्यावर पानं सुकली तर ती पाण्याअभावी की पाण्याने, हे ओळखायचं कसं? तगरीला मी तिथेच फसले होते.

प्रतिसाद १

निम्मं झाड उतरवू नका. कोवळ्या शेंड्यांतूनच मुळांना वाढायचा इशारा जातो, सगळे शेंडे मारले तर मुळंही रेंगाळतात. सुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. जास्वंद सोशिक आहे, ओढताना अडेल तेवढी कमी केलीत तर चालेल. अनंताला कात्री कमीत कमी, पण कळ्या मात्र खुडा. मला माहितीये, जिवावर येईल. नाहीतर त्या स्वतःच गळतील, आणि तोवर झाडाची ताकद त्यांच्यावर जाईल.

पाण्याचं: बाजूच्या मातीत नाही, गड्ड्यात बोट घाला. पहिले काही आठवडे मुळं तेवढ्यातच असतात, भोवतालची माती ओली आणि गड्डा कोरडा असं सर्रास होतं. दोन पेरं कोरडी लागली तर सावकाश पाणी. ओली असूनही पानं लोंबत असतील तर पाणी थांबवा आणि सावली करा, जुनी चादर काठ्यांवर ताणली तरी पुरते. दुपारी लोंबून सकाळी ताठ होत असेल तर काळजी नको. पानं गळली तरी लगेच उपटू नका, फांदी नखाने खरवडा, आत हिरवं असेल तर थांबा. वरून पाचोळा चार बोटं जाड, बुंध्याला टेकवायचा नाही.

हलवायचं काम संध्याकाळी, ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम.

धागाकर्ती

कळ्या मोजल्या, एकतीस आहेत. सगळ्याच खुडायच्या का? दोन-चार ठेवल्या तर?

प्रतिसाद १

हलवायला अजून सहा आठवडे आहेत ना? आत्ताच्या फुलू देत की. मी हलवताना असतील त्यांचं म्हणत होतो.