मदत हवी आहे: इंजिन अडकलेला कब कॅडेट १२२ घ्यावा का? घेतला तर सुरुवात कुठून?

बागशिंपी:
नमस्कार मंडळी. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १२२ हा बागेतला छोटा ट्रॅक्टर विकाऊ आहे. १९६५ ते १९६७ मधलं मॉडेल, कोहलरचं १२ हॉर्सपॉवरचं के-३०१ इंजिन, तीन गिअर, क्लच पेडलवाला. उघड्या शेडमध्ये बरीच वर्षं उभा आहे. प्लग काढून फ्लायव्हील फिरवून पाहिलं, जागचं हलत नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. गिअर लिव्हरखालचं रबर फाटलंय. स्टिअरिंग पाव फेरी फिरलं की मग चाक वळायला लागतं. पत्रा ठीक, पण फूटरेस्टखाली गंज आहे. मालक इंजिन उघडू देत नाही, बाकी काहीही तपासा म्हणतो. सौदा करण्याआधी काय बघू? आणि अडकलेलं इंजिन मोडतोड न करता कसं सोडवायचं?

रिंगपाना:
इंजिन अडकलंय म्हणून सौदा सोडू नका. के-३०१ चा ब्लॉक बिडाचा आहे. स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.३७५ इंच, आणि १०, २०, ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज, म्हणजे तेवढे मोठे, पिस्टन मिळतात. म्हणजे गंजलेला बोअर तीनदा वाचवता येतो. वाचवता येत नाही तो फुटलेला ब्लॉक. या इंजिनात कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) तुटला की तो ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो, म्हणून टॉर्च घेऊन स्टार्टर-जनरेटरच्या मागची बाजू आणि तळाकडची भिंत नीट बघा. वेल्डिंगचा किंवा इपॉक्सीचा डाग दिसला तर इंजिनाची किंमत शून्य धरा.

त्यानंतर मागचं हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचा डबा. रबर फाटलंय म्हणजे पावसाचं पाणी थेट गिअरबॉक्समध्ये गेलं असणार. ड्रेन प्लग पूर्ण काढू नका, सैल करा आणि खाली पारदर्शक बाटली धरा. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे आधी तेच येतं. नुसतं दुधाळ तेल आलं तर घाबरायचं कारण नाही. पण अर्धा पेला स्वच्छ पाणी निघालं तर बेअरिंगांवर गंज चढलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ट्रॅक्टर कडाक्याच्या थंडीत राहिला असेल तर गोठलेल्या पाण्याने हाउसिंगला बारीक तडा गेलाय का तेही तळाला बोट फिरवून बघा. मग मागची दोन्ही चाकं उचला. न्यूट्रलमध्ये एक चाक फिरवलं की दुसरं उलट फिरलं पाहिजे. तिन्ही गिअर आणि रिव्हर्स टाकून प्रत्येक वेळी चाक फिरवा. खडखड नको, कुठे अडकायला नको.

फ्लायव्हीलवरची आणि सिलिंडरभोवतीची पत्र्याची कव्हरं सगळी आहेत ना ते मोजून घ्या. हे एअरकूल्ड इंजिन आहे. एक पत्रा नसेल तरी हवा भलतीकडे जाते आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) तापतं. लोक काढलेली कव्हरं परत लावत नाहीत, आणि ती नंतर शोधणं पिस्टन शोधण्यापेक्षा अवघड जातं.

तेलकट हात:
पीटीओ क्लच (जोडलेलं अवजार फिरवणारा क्लच) जागेवर असेल तर ती जमेची बाजू, पण उतरवताना जपा. कॉलरच्या प्रत्येक भोकात एकामागे एक असे दोन सेट स्क्रू असतात. वरचा निघाला की लोकांना वाटतं काम झालं, मग पुलर लावून ओढतात आणि बेअरिंग किंवा क्रँकचं टोक जातं. ॲलन की परत आत घालून दुसरा स्क्रू काढा.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येण्याचं कारण सरळ आहे. या मॉडेलमध्ये टाकी इंजिनाच्या वर असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं. कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल रोखणारी सुई) गळत असेल तर टाकीतलं पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून तळाच्या ऑइलमध्ये जातं. सेडिमेंट बाउलवरचा (टाकीखालच्या गाळ साठवणाऱ्या वाटीवरचा) कॉक आजच बंद करा. हे पातळ झालेलं ऑइल ठेवून इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही. के मालिकेच्या या इंजिनांत ऑइल पंप नाही. रॉडच्या कॅपला खाली जीभ असते, ती ऑइल उडवते, तेवढंच वंगण. शिवाय ॲल्युमिनियमचा रॉड बेअरिंग शेलशिवाय थेट क्रँकवर फिरतो. ऑइल पातळ किंवा कमी, की रॉड गेलाच.

रिंगपाना:
अडकलेलं सोडवण्याबद्दल. स्टार्टरने झटके देऊ नका आणि फ्लायव्हीलच्या पंख्याला पहार लावू नका, पंखे तुटतात. प्लगच्या भोकातून तेल ओतून वाट बघायची पद्धत इथे फारशी उपयोगाची नाही, कारण फ्लॅटहेड इंजिनात (यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात) बरंच तेल व्हॉल्व्हच्या बाजूला पसरतं. सरळ हेड उतरवा. पिस्टनभोवतीच्या फटीत गंज सोडवणारं तेल भरा, बोअरच्या उघड्या भागातला गंज आधी बारीक एमरीने साफ करा, म्हणजे पिस्टन वर येताना रिंग त्यावर अडकणार नाहीत. मग पिस्टनच्या माथ्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या आणि दुसऱ्या हाताने फ्लायव्हील दोन्ही दिशांना ढकला. केसभर हललं की थांबा, पुन्हा तेल, पुन्हा पुढे-मागे. एका दिशेने जोर लावला तर ॲल्युमिनियमचा रॉड वाकतो.

बागशिंपी:
ट्रॅक्टर घेतला. मागून दुधाळ तेल आलं, सुटं पाणी नाही. हेड काढलंय, पिस्टन सुटला. बोअरच्या वरच्या अर्ध्या भागात गंजाचे खड्डे आहेत. सगळ्यात मोठं माप ३.३८४ इंच. क्रँकपिन (क्रँकचा रॉड बसतो तो भाग) १.४९८. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. नुसतं होन करून (बोअर घासून), नवीन रिंग टाकून भागेल का?

तेलकट हात:
नाही भागणार. स्टँडर्ड ३.३७५ आहे, तुम्ही ९ थाऊ पुढे गेला आहात. नवीन रिंग त्या बोअरमध्ये बसणारच नाहीत, धूर आणि ऑइल दोन्ही येईल. १० थाऊ ओव्हरसाइज म्हणजे ३.३८५, तिथे कापायला एकच थाऊ उरतो आणि खड्डे निघत नाहीत. २० थाऊ धरा. आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि मग बोअर करायला सांगा. पिस्टनशिवाय नुसत्या आकड्यावर केलेला बोअर पुष्कळदा पुन्हा करावा लागतो.

क्रँकपिनचं मूळ माप १.५००. १.४९८ वर नवीन स्टँडर्ड रॉड घातला तर फट तीन थाऊच्या वर जाते. उडालेल्या ऑइलवर चालणाऱ्या रॉडला एवढी फट सोसत नाही, ठकठक सुरू होईल. क्रँक १० थाऊ ग्राइंड करून घ्या आणि १० थाऊ अंडरसाइज रॉड घाला. रॉड आणि कॅपवरच्या खुणा एकमेकींसमोर आणि फ्लायव्हीलच्या बाजूला, ऑइल उडवणारी जीभ खाली. टॉर्क नव्या रॉडच्या पाकिटावर असेल तोच, रॉडच्या प्रकारानुसार तो बदलतो.

तळाचा पॅन उघडलाच आहे तर बॅलन्स गिअर (थरथर कमी करणारे) आहेत का बघा. या मालिकेतल्या काही इंजिनांत असतात आणि फुटले तर ब्लॉक घेऊन जातात. असतील तर जोडकाम करणारे बहुतेक जण काढून टाकतात, माझंही मत तेच. थरथर थोडी वाढते.

व्हॉल्व्ह सोडवायला ब्रीदरचं (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या भागाचं) झाकण काढून स्टेमवर तेल सोडा, वरून लाकडाने ठोका, पकडून गोल फिरवा. निघाल्यावर गाइड साफ करा. या इंजिनाला टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) ॲडजस्ट होतात: थंड इंजिनावर फट इनटेकला ८ ते १० थाऊ, एक्झॉस्टला १७ ते २०. एक्झॉस्ट कमी ठेवलात तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. हेडचे बोल्ट टप्प्याटप्प्याने २५ ते ३० फूट-पाउंड.

ब्लॉकला सँडब्लास्ट करायचा मोह टाळा. ब्रीदरच्या कोपऱ्यात राहिलेली चार कण वाळू नवा रॉड खाऊन टाकते.

कंडेन्सर:
वायरिंगचं मी सांगतो. पॉइंटचा (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप २० थाऊ, प्लगचा ३५. गॅपवर थांबू नका. फ्लायव्हीलवर ‘एस’ अक्षराची खूण आहे, ती खिडकीत आली की पॉइंट नेमके उघडायला हवेत. पॉइंटला टेस्ट लाइट लावून बघा. बदलायची झाली तर बाहेरचा रेझिस्टर न लागणारी १२ व्होल्टची कॉइल घ्या, प्रायमरी ३ ते ४ ओहम.

स्टार्टर आणि जनरेटर एकाच डब्यात आहेत. बेल्ट काढा, ‘ए’ टर्मिनलला बॅटरीचं प्लस द्या आणि ‘एफ’ अर्थ करा. मोटरसारखा फिरला तर आतलं बरंचसं शाबूत आहे. सगळं परत जोडल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, रेग्युलेटरच्या ‘बॅट’ आणि ‘जेन’ टर्मिनलना तारेने क्षणभर स्पर्श करा. छोटी ठिणगी पडेल. हे पोलराइझ करणं राहिलं तर जनरेटर उलटा चार्ज देऊ शकतो आणि रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट चिकटतात.

जोडल्यावर कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. कॅमवर ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज (सुरू करताना दाब थोडा सोडणारी यंत्रणा) आहे, नव्या इंजिनातही आकडा कमीच दिसतो. फ्लायव्हील हाताने उलट्या दिशेने झटक्यात फिरवा. कॉम्प्रेशनवर आपटून परत उसळलं पाहिजे.

बागशिंपी:
मनापासून आभार. २० थाऊचा पिस्टन आणि रॉड मागवतो. स्टिअरिंगचं राहिलं.

रिंगपाना:
स्टिअरिंग बॉक्समध्ये स्क्रूसारखा कॅम आहे आणि लिव्हरची निमुळती पिन त्यात चालते. झीज नेहमी मधे, चाकं सरळ असताना होते. बॉक्स उघडा, पिनेवर सपाट पट्टा दिसला तर पिन बदला, नुसती आवळून उपयोग नाही. मग ॲडजस्टिंग बोल्ट आवळून खेळ कमी करा आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. टोकाला जड झालं तर अर्धा आटा परत सोडा. त्याआधी पुढच्या ॲक्सलची मधली पिन तपासा. तिचं भोक अंडाकृती झालं असेल तर स्टिअरिंग कितीही नीट केलं तरी ट्रॅक्टर भटकेल. भोक बोअर करून बुश बसवणं हाच इलाज.

आणि क्लच जोडताना रिलीज लिव्हर आणि बेअरिंगमध्ये ५० थाऊ फट ठेवा. फट नसेल तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि लवकर ओरडायला लागतं. मागच्या हाउसिंगमध्ये हाय-ट्रान तेल भरा, लेव्हल प्लगमधून गळायला लागेपर्यंत. फाटलेलं रबर मात्र त्याआधी बदला.