माळकरी आईला इझाकायात न्यायचंय (टोकियो), आणि मग आइस्क्रीम

गवतीचहा
आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आलेत. देवळं, बागा, फुजी सगळं दाखवून झालं. राहिलंय ते आमचं रोजचं. ऑफिस सुटल्यावर मी आणि नवरा ज्या छोट्या इझाकायांत, म्हणजे खात-पीत बसायच्या जपानी गुत्त्यांत, बसतो, तसल्या एखाद्यातली एक संध्याकाळ. एकेक बशी मागवायची, गप्पा मारायच्या, मग चालत जाऊन आइस्क्रीम.

बाबा देवगडचे, त्यांची चिंताच नाही. आई माळकरी. मासे, मटण, अंडं, दारू काही चालत नाही. समोर कुणी खाल्लं तर तिची हरकत नसते. घरी माशांची शेगडी मागच्या पडवीत आहे आणि तिथे बाबाच रांधतात, पण पानं शेजारी-शेजारी लागतात.

गेल्या आठवड्यात एका ठिकाणी मी शाकाहारी म्हणून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि टोफूवर माशाचा कीस भुरभुरून आला. आईने काही न बोलता बशी बाबांकडे सरकवली आणि पिशवीतली दशमी काढली. मला ते फार लागलं. या वेळी तिच्यापुढे तिच्या बश्या हव्यात. कुठे जाऊ, काय मागवू? शुक्रवारी एकादशी आहे, म्हणून गुरुवारीच जायचंय. राहतो निशि-कासाईला.

तोझाई_लाईन
असाकुसाला जा. निहोनबाशीला उतरून गिन्झा लाईन पकडली की झालं. फक्त हॉप्पी स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या इझाकायांच्या गल्लीत, बसू नका. तिथली खासियत म्हणजे निकोमी, गाईच्या मांसाचा रटरटणारा रस्सा, आणि ती पातेली बऱ्याच दुकानांत दर्शनीच असतात. मागच्या गल्ल्यांत शांत जागा मिळतात.

निशिकासाईची_मावशी
अगं, सोळा वर्षं झाली मला इथे, सासूबाईंना दोनदा आणलं, त्यामुळे तुझं दुखणं कळतं.

'बेजितारियन' या शब्दावर विसंबू नकोस. बऱ्याच जणांपर्यंत तो 'मांस नको' एवढाच पोचतो. दाशी, म्हणजे वाळवून धुरावलेला मासा किसून त्याचं काढलेलं पाणी, त्यांच्या लेखी मासा नसतोच. मिसो सूप, आगेदाशी टोफू, अंड्याची गुंडाळी, सगळ्यात ते असतं. 'दाशी काढून द्या' म्हणणं म्हणजे आमटीतली डाळ काढा म्हणण्यासारखं आहे. म्हणून मुळातच जे दाशीशिवाय होतं तेच मागव.

'शिओ' म्हणजे मीठ, हा शब्द धरून चाल. एदामामे, सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मिठात उकडलेल्या. आईला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखं सोलत बसता येईल. गार टोमॅटोच्या फोडी. जागाबाता, म्हणजे उकडलेला बटाटा आणि वर लोणी. हियायाक्को हा गार टोफू, पण आधीच सांग, "कात्सुओबुशी नाशी दे ओनेगाइशिमासु", म्हणजे माशाचा कीस घालू नका. सोया सॉस दाशी घातलेला नाही ना, हेही विचार. काडीवर भाजलेल्या शिशितो मिरच्या आणि शिताके मशरूम मिठातलेच घे. 'तारे' हा गोडसर सॉस नको, त्यात मिरिन आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, पडते. बटाट्याच्या सॅलडच्या नादी लागू नकोस, त्यात मेयोनेज असतं आणि बहुतेकदा हॅमही.

एक गोष्ट आईला घरूनच सांगून ने: भाजायची जाळी कोंबडी भाजतात तीच असते. ठरवू दे तिला. माझ्या सासूबाईंनी भाजलेलं काही घेतलं नाही, तरी पोटभर जेवल्या.

बसल्या-बसल्या न मागवता एक वाटी येते, ती ओतोशी. जागेच्या भाड्यासारखीच ती, माणशी तीन-चारशे येन बिलात लागतात. त्यात काय असेल सांगता येत नाही, बाबांकडे दे. प्रत्येकाने एक तरी पेय मागवावं असा रिवाज आहे. आईला ऊलाँग चहा. आणि दुकान उघडताच पाचला जा. सातनंतर मालकाला तुझं ऐकायला उसंत नसते.

किनारपट्टी
असाकुसालाच जाताय तर आइस्क्रीम आधी खा, तिथली चहाची दुकानं लवकर मिटतात. माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा, जेलातो सात पायऱ्यांत मिळतो, एक नंबर फिका, सात नंबर सगळ्यात दाट. "तामागो हाइत्तेमासु का?" म्हणजे अंडं आहे का, हे नक्की विचारा. पाकिटातलं घ्याल तर अंड्याची नोंद छापणं इथे सक्तीचं आहे. हागेन-दाझच्या साध्या व्हॅनिलातही बलक असतो.

बाबांसाठी कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, गारीगारी-कुन घ्या. १९८१ पासून मिळणारी बर्फाची कांडी. जपानीत गारीगारी म्हणजे बर्फ कुरकुरत चावल्याचा आवाज, आणि आपण लहानपणी गारीगारच म्हणायचो!

गवतीचहा
काल जाऊन आलो. सगळ्यांचे, विशेषतः मावशींचे, मनापासून आभार.

जेलातोत अंडं नाही म्हणाले. आईने सरळ सात नंबर घेतला. पहिल्या चमच्याला थांबली, मग म्हणाली, "कडू आहे, पण मागून गोड लागतं." बाबांनी तीन नंबर घेतला आणि तिचाच खाल्ला.

पाच वाजता इझाकायात आम्हीच पहिले. कोंबडीच्या जाळीचं विचारल्यावर मालकाने आईचे शिताके छोट्या तव्यावर वेगळे परतून दिले. जागाबाता दोनदा मागवला. बाबांनी मीठ लावून सुकवलेला होक्के मासा घेतला, काटा न् काटा साफ केला. दशमी पिशवीतून निघालीच नाही.

शेंगांपाशी मात्र आई अडकली. माहेर इस्लामपूरकडचं, मामाच्या रानात सोयाबीन असतं, पण ते वाळवून बाजारात जाणारं. हिरवं असताना उकडून खातात हे तिला ठाऊकच नव्हतं. तीन बश्या झाल्या.

नंतर सुमिदा नदीच्या काठावर बसलो, समोर स्कायट्री मनोरा उजळलेला, बाबांच्या हातात गारीगारी-कुन. आमचे साडेआठ म्हणजे तिकडचे पाच. आईने मामाला फोन लावला. पेरणी झाली का विचारलं, आणि बांधाकडच्या दोन ओळी शेंगा हिरव्या असतानाच माझ्यासाठी काढून ठेव म्हणाली.