स्वतःच्या व्हीपीएसवर मेल सर्व्हर चालवावा की मेल बाहेर द्यावा?

कळफलक यांचा प्रश्न

व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहे: १ कोअर, २ जीबी रॅम, डेबियन १२. त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि एक वर्डप्रेस ब्लॉग. डोमेन स्वतःचं आहे, त्यावर घरातल्या तिघांचे पत्ते हवेत. दिवसाला जाणारे मेल दहा-पंधरा, येणारे पन्नासेक. याशिवाय क्रॉनचे (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) अहवाल आणि ब्लॉगच्या संपर्क फॉर्मचे मेल सर्व्हरवरूनच निघणार.

पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डव्हकॉट (पेट्या सांभाळणारा) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा) याच मशीनवर टाकावं, की झोहोसारख्या मेल कंपनीकडे पैसे भरून मोकळं व्हावं? जीमेलच्या मेल सर्व्हरला पोर्ट २५ वर (सर्व्हर आपसांत मेल देतात ते दार) टेलनेटने जोडून पाहिलं तर नुसतं टाइमआउट होतं. बाहेरून आपल्या २५ वर मात्र जोडणी लागते. शिवाय एक .भारत डोमेनही घेऊन ठेवलं आहे, त्यावर मेल चालेल का?

पोस्टपेटी

हा एक प्रश्न नाही, तीन आहेत: मेल घेणं, साठवणं आणि पाठवणं. तिन्हींचं उत्तर एकच असायची गरज नसते.

घेणं सोपं आहे. तुमचा सर्व्हर सहा तास बंद पडला तरी मेल हरवत नाही, पाठवणारा पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची मूळ मुदत पाच दिवसांची असते. त्यामुळे दुसरा राखीव एमएक्स (डोमेनचा मेल घेणारा सर्व्हर) ठेवू नका. स्पॅमवाले मुद्दाम तिथेच येतात, कारण तिथली चाळणी बहुधा सैल असते.

खरी डोकेदुखी पाठवण्याची. तुमचं टाइमआउट म्हणजे सर्व्हर देणाऱ्याने बाहेर जाणारं २५ बंद ठेवलंय. बहुतेक ठिकाणी हेच धोरण आहे. गूगल क्लाउडवर ते बंदच असतं, एडब्ल्यूएसवर अर्ज करावा लागतो, हेट्झनरच्या नव्या खात्यांवर २५ आणि ४६५ बंद पण ५८७ उघडं (४६५ आणि ५८७ ही लॉगिन करून मेल सोपवायची दारं), आणि डिजिटलओशनच्या ड्रॉपलेटवर २५, ४६५, ५८७ तिन्ही बंद. २५ उघडून मिळालं तरी पुढे पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) हवा. तो तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदींत) लिहून उपयोग नाही. आयपी ज्याचा आहे त्याच्याच पॅनेलमध्ये लागतो. आयपीवरून निघालेलं नाव, त्या नावावरून परत निघालेला आयपी आणि पोस्टफिक्स जोडणीच्या सुरुवातीला 'हेलो'मध्ये सांगतो ते नाव, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ (डोमेनतर्फे मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), नीट पीटीआर आणि टीएलएस (वाटेतलं कूटलेखन) बंधनकारक केलं. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही. तुम्ही दहाच पाठवणार असलात तरी तिन्ही लावा, तासाभराचं काम आहे. पण हे सगळं बिनचूक असूनही शेजारच्या आयपीवरून कोणी स्पॅम सोडला की अख्खी रेंज काळ्या यादीत जाऊ शकते, आणि त्यावर तुमच्या हातात अर्ज भरण्यापलीकडे काही नसतं. दिवसाला दहा मेलांनी आयपीची पतही बनत नाही.

माझं मत: तिघांच्या पेट्या बाहेर द्या. एमएक्स त्यांच्याकडे वळवा. तुमच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स फक्त पाठवण्यापुरता ठेवा आणि त्याने ५८७ वरून लॉगिन करून त्याच कंपनीमार्फत मेल सोडावा. झोहोच्या फुकट प्लॅनमध्ये आयमॅप (दुसऱ्या मेल अ‍ॅपमधून पेटी उघडायची सोय) नाही, मेल ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्येच पाहावा लागतो. थंडरबर्डसारखं दुसरं मेल अ‍ॅप वापरायचं असेल तर पैसे भरावे लागतील. मिगाडूसारखे काही जण पेट्यांवर नाही तर मेलांच्या संख्येवर पैसे लावतात, ते तुमच्या आकड्यांना बरं पडेल.

मूळखाते

वरचं बरोबर आहे, पण स्वतः चालवणं म्हणजे वेडेपणा असंही नाही. मेल दुसऱ्याच्या डिस्कवर नको असेल तर मधला मार्ग आहे: मेल घ्यायचा आणि साठवायचा आपल्याकडे, पाठवायचा रिलेमार्फत (आपला मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत). तुमचं आत येणारं २५ उघडं आहेच. रिले म्हणून अ‍ॅमेझॉन एसईएस मुंबई रीजनमध्येही आहे, हजार मेलना दहा सेंट. सुरुवातीला खातं सँडबॉक्समध्ये असतं: २४ तासांत २०० मेल आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर काढायला अर्ज करावा लागतो.

हे करायचं असेल तर कुठे अडतं ते लिहितो.

२ जीबीत पोस्टफिक्स, डव्हकॉट, आरस्पॅमडी आणि त्याला लागणारं रेडिस वर्डप्रेसशेजारी मावतं. विषाणू शोधणारं क्लॅमएव्ही मावत नाही. विषाणूंच्या सह्याच एक जीबीच्या वर रॅम खातात, मग कर्नल मेमरी मोकळी करायला ब्लॉगच्या डेटाबेसचा, म्हणजे मारियाडीबीचा, बळी देतो आणि ब्लॉग पडतो. मेलकाउ या तयार मेल-संचाचा विचारच नको, ते स्वतः ६ जीबी मागतात.

स्पॅमहाउसची स्पॅमवाल्या आयपींची यादी ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमधून) विचारली तर खरं उत्तर येत नाही, १२७.२५५.२५५.२५४ येतं. म्हणजे 'असं विचारू नका'. पोस्टफिक्समध्ये 'यादीचं कुठलंही उत्तर आलं की नाकार' असं ठेवलेलं असेल तर येणारा प्रत्येक मेल परत जातो. मशीनवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा, आणि त्याने पुढे कोणाला न विचारता थेट मूळ सर्व्हरपासून शोध घ्यावा.

लेट्स एन्क्रिप्टचं टीएलएस प्रमाणपत्र आपोआप नवं होतं, पण डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच वाटत राहतो. ते नवं करणाऱ्या सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये रीलोडची आज्ञा टाका, नाहीतर एके दिवशी घरातले सगळे फोन एकदम तक्रार करतील.

डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर मेलच्या नावापुढचा नारिंगी ढग बंद करा. त्या प्रॉक्सीतून वेबची रहदारी जाते, एसएमटीपी (मेलची देवाणघेवाण) नाही. आणि एमएक्समध्ये ए-रेकॉर्ड (थेट आयपी) असलेलं नावच द्या, सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं नाव) नको.

घरच्या ब्रॉडबँडवर मात्र यातलं काहीच करू नका. सीजीनॅटमागे (एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो तिथे) बाहेरून जोडणी पोचतच नाही, आणि बदलते आयपी बहुधा स्पॅमहाउसच्या पीबीएल (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) यादीत आधीच असतात.

कळफलक

दोघांचे आभार. पेट्या बाहेर देतो, आयमॅपवाला प्लॅन घेऊन. पोस्टफिक्स टाकून रिले लावला, पण दोन अडचणी. आधी लॉगमध्ये 'नो वर्दी मेक्स फाउंड' येत होतं. ते कसंबसं गेलं. आता जीमेलला पाठवलेला मेल पोचतो, पण माझ्याच डोमेनवरच्या पत्त्याला पाठवलेला कुठे जातो कळत नाही. लॉग म्हणतो 'सेंट, डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स'.

पोस्टपेटी

पहिलं लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स हे लॉगिनच्या पद्धती पुरवणारं पॅकेज नसल्यामुळे. तुम्ही काहीतरी टाकलंत त्याबरोबर ते आलं असणार.

दुसरं नेहमीचं आहे. डेबियनवर पोस्टफिक्स टाकताना 'इंटरनेट साइट' निवडलं आणि मेलचं नाव म्हणून डोमेन दिलं की ते 'मायडेस्टिनेशन'मध्ये (इथेच ठेवायच्या डोमेनांच्या यादीत) जाऊन बसतं. मग पोस्टफिक्सला वाटतं हे डोमेन आपलंच, आणि तो मेल बाहेर न सोडता व्हार-मेल फोल्डरमध्ये टाकतो. तिथे बघा, सगळे सापडतील. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ फाइलमध्ये 'मायडेस्टिनेशन'पुढे फक्त लोकलहोस्ट ठेवा, आणि 'आयनेट_इंटरफेसेस' लूपबॅक-ओन्ली करा. पेट्या बाहेर असताना या मशीनने २५ वर ऐकायचं कारणच नाही.

पासवर्डच्या फाइलबद्दल: 'रिलेहोस्ट'मध्ये रिलेचं नाव चौकटी कंसात आणि पुढे :५८७ असं लिहिलं असेल तर पासवर्डच्या फाइलमध्येही अक्षरशः तसंच हवं, कंसासकट. नाहीतर पोस्टफिक्स लॉगिन न करताच पाठवायला जातो. बदल केला की पोस्टमॅप चालवा. मूळ फाइल आणि पोस्टमॅपने बनवलेली तिची .डीबी फाइल दोन्ही ६०० परवानगीवर (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा) ठेवा.

क्रॉनचे मेल 'रूट अ‍ॅट मशीनचं नाव' अशा पत्त्यावरून निघतात. लॉगिन ज्याचं त्याचाच पत्ता 'फ्रॉम'मध्ये हवा असं बऱ्याच कंपन्यांचं म्हणणं असतं, म्हणून ५५३ हा नकार येऊन मेल अडतो. 'एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स' लावून तो पत्ता तुमच्या खऱ्या पत्त्यात बदला. फॉर्मचंही तेच. वाचकाचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये टाकणारे प्लगइन अजून आहेत. वाचक याहूचा असला तर याहूचं डीमार्क तो मेल नाकारायला सांगतं. 'फ्रॉम' तुमचा, वाचकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये.

मूळखाते

एसपीएफची नोंद डोमेनला एकच ठेवा. मेल कंपनीची एक आणि पुढेमागे एसईएस घेतलं तर त्याची दुसरी, असं केलंत की दोन्ही बाद. एकाच ओळीत दोन 'इन्क्लूड' लिहा. एकूण डीएनएस शोध दहाच्या आत हवेत, आणि 'इन्क्लूड'च्या आतले 'इन्क्लूड'ही मोजले जातात. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांत बसत नाही. एकाच टीएक्सटी नोंदीत अवतरणांचे दोन तुकडे करा. काही पॅनेल ते स्वतः करतात, काही निमूटपणे शेपटी कापतात, तेव्हा 'डिग' या आज्ञेने तपासा. डीमार्क आधी 'नन'वर (काही अडवू नका) ठेवून अहवाल बघा, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका).

.भारतचं: डोमेनचं एक्सएन-- ने सुरू होणारं रोमन रूप वापरून आणि @च्या आधी रोमन अक्षरं ठेवून मेल सगळीकडे चालतो, कारण वाटेतल्या सर्व्हरांना ते साधंच डोमेन दिसतं. @च्या आधीही देवनागरी हवं असेल तर पाठवणारा, रिले आणि घेणारा, तिघांनाही एसएमटीपीयूटीएफ८ (रोमन नसलेल्या पत्त्यांची सोय) यायला हवं. पोस्टफिक्सला ३.० पासून येतं, जीमेलला येतं, पण मधल्या एखाद्या सर्व्हरला आलं नाही तर मेल परत येतो. असे पत्ते बँकेला देऊ नका. त्या डोमेनवर मेल ठेवणारच नसाल तर एसपीएफमध्ये नुसतं '-ऑल' (कोणालाच परवानगी नाही) आणि एमएक्समध्ये प्राधान्य ० व पुढे फक्त टिंब (इथे मेल घेतला जात नाही) लिहा, म्हणजे तुमच्या नावावर खोटे मेल खपवणं अवघड जाईल.

पोस्टपेटी

आणखी दोन. पेट्या बाहेर दिल्या तरी बॅकअप आपलाच. सर्व्हरवर रोज रात्री एमबीसिंक हे साधन चालवून आयमॅपवरून मेल मेलडिरमध्ये (प्रत्येक मेलची वेगळी फाइल) उतरवा. 'सिंक पुल' (फक्त तिकडून इकडे) ठेवा आणि 'एक्सपंज' 'नन' (काही पुसू नका) राहू द्या, म्हणजे तिकडे पुसलेला मेल इकडे टिकतो.

डोमेन रजिस्ट्रार, व्हीपीएस आणि मेल कंपनी या तिन्ही खात्यांना याच डोमेनचा पत्ता लावू नका. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर आठवणीचा मेल आणि पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही त्याच बंद पेटीत जाणार.