पटाशीच्या धारेसाठी पट्टा कशाचा?

रंधाबहाद्दर
पटाशी १००० आणि मग ६००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) वॉटरस्टोनवर, म्हणजे पाणी लावून वापरायच्या धारेच्या दगडावर लावतो, कोन ३० अंश. नंतर फळीवर चिकटवलेल्या जुन्या कमरपट्ट्यावर हिरवी पॉलिश वडी घासून वीसेक हात मारतो. दगडावरून उतरते तेव्हा धार कागद सरळ कापते, पट्ट्यावरून उतरली की बोथट. चामडं बदलू, की डेनिम नाहीतर एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) घेऊ?

सागवानी
चामडं बदला. कमरपट्ट्याचं चामडं बहुधा क्रोमच्या क्षारांत कमावलेलं, मऊ असतं. आत पुठ्ठा नाहीतर फोमही निघतो. दाब दिला की पातं रुततं आणि पात्यामागे चामडं परत वर उसळतं. ते धारेच्या टोकाला घासून टोक गोल करतं.

कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तसं कडक चामडं हवं. जाडी २ ते ३ मिमी, नख दाबलं तर खूण जेमतेम उमटावी. तेल पाजलेलं नको. गुळगुळीत बाजू वर ठेवून सपाट एमडीएफवर फेव्हिकॉलने चिकटवा, रात्रभर वजन ठेवा. मध्ये हवा राहिली तर तिथे फुगवटा येतो. वाळल्यावर २२० च्या पॉलिश पेपरने हलकं घासलं की वडी धरते. वडीचा थर इतकाच, की खालचं चामडं दिसत राहील. ढेकळं राहिली की पातं त्यांवर उचललं जातं.

कानस
सपाट पटाशी आणि रंध्याच्या पात्याला चामडं लागतंच कशाला? १२ मिमी एमडीएफवर थेट वडी घासा. दबत नाही, त्यामुळे टोक गोल होण्याची भीती कमी. काळं पडून गुळगुळीत झालं की १८० च्या पेपरने घासून पुन्हा वडी लावा. डेनिम स्वयंपाकघरातल्या सुरीला ठीक. विणीत लवचीकपणा असतो, म्हणून पटाशीला नको.

पण वीस हात फार झाले. ६००० नंतर दर बाजूला ५-६ पुरेत, जोर न लावता आणि फक्त मागे ओढत. पुढे ढकललंत तर चामडं कापलं जाईल. खरी गडबड हाताच्या शेवटी होते. पातं सरकत असतानाच मनगट उचललं जातं आणि धार तिथेच मरते. आधी थांबा, मग सरळ वर उचला. पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, मात्र पूर्ण टेकलेलीच राहू द्या.

तपासायला उतारावर, म्हणजे धारेकडच्या तिरक्या बाजूवर, मार्करची शाई लावा आणि दोन हात मारा. शाई फक्त टोकाशी गेली तर कोन जास्त आहे, फक्त मागच्या कडेची गेली तर कमी.

रंधाबहाद्दर
बरं. याच पट्ट्यावर वस्तरा चालेल का?

सागवानी
नको. रोजच्या वस्तऱ्याला वडी न लावलेला वेगळा पट्टा ठेवा: आधी कॅनव्हासवर २०, मग चामड्यावर ४०-५० हात. पाठ आणि धार दोन्ही टेकलेली हवीत, आणि बाजू बदलताना वस्तरा पाठीवरच फिरवायचा. धारेवर फिरवलात तर पट्टाही चिरेल आणि धारही जाईल.