तरंगत्या पवनचक्कीच्या तळावरच लाटांची वीज का निर्माण करत नाहीत?

सागरवेध

नमस्कार. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर, व्हियाना दो कास्तेलू या शहरासमोर, 2020 पासून विंडफ्लोट अटलांटिक हा प्रकल्प वीज देत आहे. प्रत्येकी 8.4 मेगावॉटच्या तीन पवनचक्क्या तेथे सुमारे 100 मीटर खोल पाण्यात तरंगत्या पोलादी तळांवर उभ्या असून ते तळ साखळदंडांनी समुद्रतळाशी जखडलेले आहेत. त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, अगुसादौरा येथे, लाटांपासून वीज मिळवण्याचे प्रयोग 2008 पासून होत आले आहेत. तळ, नांगर आणि समुद्राखालची केबल यांवर एवढा पैसा ओतून झाल्यावर त्याच तळाला लाटयंत्रे जोडून दुहेरी वीज का घेतली जात नाही, हे मला उमगलेले नाही. अडचण तांत्रिक आहे की केवळ खर्चाची?

नौकारचना

अडचण आधी तांत्रिक आहे आणि खर्चाची अडचण तिच्यातूनच उद्भवते. पवनचक्कीला शक्यतो न हलणारा तळ हवा असतो, तर लाटयंत्राची वीज हलण्यातूनच येते.

समुद्रातील बहुतेक ऊर्जावान लाटांचा दोलनकाल, म्हणजे एका लाटेपासून पुढची लाट येईपर्यंतचा वेळ, साधारण 5 ते 20 सेकंदांच्या दरम्यान असतो. म्हणून तरंगत्या तळाचा वर-खाली होण्याचा नैसर्गिक दोलनकाल मुद्दाम या पट्ट्याच्या बाहेर, म्हणजे 20 सेकंद किंवा त्याहून अधिक, ठेवला जातो. विंडफ्लोटचा तळ पाहिला तर ही धडपड स्पष्ट दिसते. त्रिकोणात बांधलेल्या तीन खांबांच्या बुडाशी रुंद आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, ज्या खालचे पाणी अडवून धरतात आणि तळाला झटकन वर उचलले जाऊ देत नाहीत. वाऱ्याची दिशा किंवा जोर बदलला की पंप एका खांबातील पाणी दुसऱ्यात ढकलून तोल सावरतात. लाटयंत्राचे गणित नेमके उलटे असते. त्याचा दोलनकाल लाटेच्या दोलनकालाशी जुळला, म्हणजेच अनुनाद साधला, तरच पुरेशी वीज मिळते. दोघांना एकाच सांगाड्यावर बसवायचे म्हणजे झोपाळ्याच्या पाटावर शिडी उभी करण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट वादळांची. खोल समुद्रात लाटेच्या दर मीटर रुंदीतून वाहणारी शक्ती, किलोवॉटमध्ये, ढोबळमानाने उंचीचा वर्ग गुणिले दोलनकाल यांच्या निम्मी असते. दोन मीटर उंची आणि आठ सेकंद घेतल्यास सुमारे 16 किलोवॉट मिळतात. आठ मीटर आणि बारा सेकंद घेतल्यास हाच आकडा 385 च्या आसपास जातो. यंत्र कमाई करते ती पहिल्या प्रकारच्या दिवसांत, पण त्याला बांधावे लागते ते दुसऱ्या प्रकारच्या रात्रीसाठी. पवनचक्की वादळात पाती वळवून वारा सोडून देते. लाट अशी सहज सोडून देता येत नाही. हे जोखमीचे यंत्र दहापट महाग पवनचक्कीच्या तळालाच जोडायचे म्हटल्यावर विमा कंपनी आणि कर्ज देणारी बँक मागे सरतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

तसा प्रयत्न झालेला आहे. डेन्मार्कमध्ये लोलँड बेटाजवळ, विंडेबी पवनक्षेत्रालगत, पोसायडन नावाचा 37 मीटर रुंदीचा तळ 2008 पासून चाचणीसाठी ठेवला होता. त्यावर लाटेने हलणाऱ्या तरत्या झडपा होत्या आणि वर छोट्या पवनचक्क्या. यंत्रणा चालते हे त्यातून दिसले. मात्र बाल्टिकमधील त्या आडोशाच्या पाण्यात अटलांटिकच्या हिवाळ्याची परीक्षा होत नाही.

उच्चदाब

नौकारचना यांच्या विवेचनाशी सहमत आहे, पण प्रश्न तेथे संपत नाही. तळ वेगळे ठेवून बाकीचे सारे सामाईक करता येते, आणि खरा फायदा मला तेथेच दिसतो.

सागरी केबल आणि उपकेंद्र कमाल निर्मितीच्या हिशेबाने बांधावे लागते, पण वारा वर्षातील बराच काळ त्याहून कमी असतो, म्हणजे केबल अर्धी रिकामी पडून राहते. वारा थांबल्यावरही दुरून आलेली लाट कित्येक तास, कधी एखाददोन दिवस येत राहते. पोर्तुगाल किंवा आयर्लंडच्या पश्चिमेला अशा दूरच्या लाटांचे प्रमाण मोठे असल्याने वारा आणि लाट यांचे चढउतार बरेचसे स्वतंत्र असतात, आणि तीच केबल अधिक तास भरलेली राहते. उत्तर समुद्रात मात्र लाटा बहुतांशी स्थानिक वाऱ्यानेच उठतात, त्यामुळे हा लाभ फारच थोडा आहे.

अगुसादौराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 2008 मध्ये तेथे पेलामिस या कंपनीची प्रत्येकी 750 किलोवॉटची तीन लाटयंत्रे बसवली गेली आणि काही महिन्यांतच बंदरात परत आणावी लागली. 2011 मध्ये त्याच ठिकाणी विंडफ्लोटचा पहिला 2 मेगावॉटचा नमुना उभा राहिला. 2023 मध्ये कॉरपॉवर या स्वीडिश कंपनीचे 300 किलोवॉटचे, 19 मीटर उंच व 9 मीटर व्यासाचे बोयासारखे यंत्र तेथे आले. त्याने 18.5 मीटरपर्यंतच्या लाटा सोसल्या, कारण वादळात ते आपला दोलनकाल लाटेपासून मुद्दाम बिघडवून घेते. म्हणजे लाट ‘सोडून देणे’ अगदीच अशक्य नाही. तरीही 8.4 मेगावॉटच्या एका पवनचक्कीची बरोबरी करायला अशी 28 यंत्रे लागतील, हे विसरून चालणार नाही.

नौकारचना

दोलनकाल बिघडवण्याचा मुद्दा मान्य. पण ते यंत्र स्वतंत्र नांगरलेले असल्यामुळेच तसे वागू शकते.

सागरवेध

दोघांचेही आभार. तळ वेगळे आणि केबल एक, हे पटले. आपल्या कोकणासमोर असे काही शक्य आहे का?

खारवारा

कोकणासमोर दोन्ही बाबतींत निसर्गाचा कौल प्रतिकूल आहे. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. साधारण 60 मीटरपर्यंतच्या खोलीत तळाशी रोवलेला खांब स्वस्त पडतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ तरंगत्या तळाची गरजच उद्भवत नाही. शिवाय आपल्याकडे वारा आणि लाटा दोन्हींचा जोर पावसाळ्यातच असतो, म्हणजे उच्चदाब यांनी सांगितलेला केबल भरण्याचा फायदा नेमका येथे मिळत नाही. भारतीय किनाऱ्यावर लाटांची सरासरी शक्ती दर मीटरला 5 ते 15 किलोवॉट धरली जाते, उत्तर पोर्तुगालमध्ये ती 30 च्या आसपास आहे. केरळात विळिंजम येथे आयआयटी मद्रासने 1991 मध्ये उभारलेले 150 किलोवॉटचे केंद्र प्रायोगिकच राहिले. केंद्र सरकारने 2024 मध्ये मंजूर केलेले 7,453 कोटी रुपयांचे साहाय्यही गुजरात आणि तमिळनाडूसमोरच्या एकूण 1,000 मेगावॉट पवनऊर्जेसाठी आहे.

एक अपवाद विचारात घेण्यासारखा वाटतो. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, 75 मीटरच्या आसपास खोल पाण्यात आहे आणि तेथील तेलफलाटांना स्वतःसाठी सतत वीज लागते. नॉर्वेत हायविंड टॅम्पेनच्या 11 तरंगत्या पवनचक्क्या 2023 पासून स्नोर आणि गुल्फाक्स या तेलक्षेत्रांना वीज पुरवतात. तसे येथे करायचे झाल्यास किनाऱ्यापर्यंतच्या लांब केबलचा खर्च वाचेल. लाटयंत्रे मात्र मी त्या हिशेबात धरणार नाही; डिसेंबर ते मार्च तेथील समुद्र इतका शांत असतो की ती बहुतांशी नुसती नांगरून पडून राहतील.